रंगरावांचा ळ

रंगराव मोहित्यांचा आवाज आणि किसन आवळ्याची हलगी ही जोडी कृष्णेपासून वारणेपर्यंत कुणाला नव्यानं सांगावी लागत नसे. जत्रेचं मैदान ठरलं की गावची कमिटी पैलवानांच्या आधी या दोघांची तारीख पक्की करायची. लाल मातीच्या आखाड्याला लागून छोटा मंडप, मंडपात माईक आणि माईकमागं भगवा फेटा बांधलेले, रुंद खांद्यांचे रंगराव. पैलवान शड्डू ठोकत आत आला की ते त्याच्या वस्तादापासून सुरुवात करायचे, त्याचा बाप कुठल्या तालमीत घुमला ते सांगायचे, डाव पडला की तो उलगडून दाखवायचे आणि नेमक्या जागी एक श्वास घेऊन थांबायचे. त्या थांब्यावर किसनची हलगी कडाडायची. हे दोघांनी कधी बसून ठरवलं नव्हतं. किसन कुस्तीकडं बघतच नसे. तो रंगरावांच्या तोंडाकडं बघायचा. पंचवीस-तीस वर्षं त्यानं तेवढंच केलं होतं.

दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात किसन तळहातावर तंबाखू आणि चुना मळायचा. अर्धी चिमूट रंगरावांच्या, म्हणजे त्याच्या आण्णांच्या, हातावर, अर्धी आपल्या गालात. पूर्वी किसन ओसरीच्या खाली बसायचा तेव्हापासूनची ही सवय. पुढं तो ओसरीवर आला, मग रंगरावांच्या घरात ताटाला ताट लावून जेवायला बसू लागला, गावातल्या काहींनी नाकं मुरडली, ती रंगरावांनी कधी मोजली नाहीत. किसनची बायको तापानं गेली तेव्हा त्याची प्रणाली शाळेतही जात नव्हती. रंगरावांच्या बायकोनं, शालनवहिनींनी, तिच्या वेण्या घातल्या. मैदानात बसायला तिला रंगरावांचा खांदा होता.

ती प्रणाली शिकली, मिरजेत दातांची डॉक्टर झाली आणि तिथून पुण्याला गेली. तिथं एका कंपनीत डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून एक यंत्र बनवत होते. त्याचं नाव ‘कानोसा’.

दिवाळीला ती आली तेव्हा रंगरावांच्या सोप्यात बसून तिनं ते समजावून सांगितलं.

“माणूस बोलतो तेव्हा आत जिभेची कसरत चाललेली असते, काका. ‘त’ म्हणताना शेंडा दातांना टेकतो, ‘क’ म्हणताना मागची बाजू वर जाते. सगळ्यांत अवघड आपला ‘ळ’. शेंडा मागं वळवायचा, टाळूला लावायचा आणि झटक्यात सोडायचा. म्हणून तर परमुलखातल्या माणसाला तो जमत नाही.”

“माझ्याकडं शिकायला पाठव म्हणावं त्यांना,” रंगराव म्हणाले.

“आता समजा, तोंडात कुठंतरी आतली कातडी बदलायला लागली. पांढरा चट्टा आला, लाल डाग आला, गाल आतून ताठ झाला. माणसाला काही जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही. पण जीभ ती कसरत थोडी जपून करायला लागते. इतकी थोडी, की कानाला कळतही नाही. यंत्राला कळतं. ते तुमचा आजचा आवाज तुमच्याच जुन्या आवाजाशी ताडून बघतं.”

“आणि मग काय रोगाचं नाव सांगतं?”

“नाही. ते एवढंच म्हणतं, तोंड दाखवून घ्या. पुढचं काम डॉक्टरच्या डोळ्यांचं. शंका आली तर तिथला कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. चट्टा असतानाच सापडला तर बहुतेकदा तेवढाच काढून टाकता येतो, माणूस दुसऱ्या दिवशी घरी.”

तिला हवा होता एक असा आवाज, जो वर्षानुवर्षं नोंदला गेलाय. निरोगी आवाज वयाबरोबर कसा बदलतो ते यंत्राला शिकवायचं होतं. रंगरावांची मैदानं इंटरनेटवर ढिगानं पडली होती, पंचविशीतली, चाळिशीतली, गेल्या हंगामातली. तिनं परवानगी मागितली.

रंगराव इतके खूश झाले की त्यांनी शालनवहिनींना आतून हाक मारून बोलावलं. “ऐकलंस का? आता कॉम्प्युटर माझ्याकडून ळ शिकनार हाय!”

किसन हसला. तो मुळातच कमी बोलायचा. त्याचं बोलणं हलगीतून व्हायचं, आणि हलगीला जीभ लागत नाही.

*

थंडी पडली आणि प्रणाली न कळवताच आली. बॅग घरी टाकली, बापाला म्हणाली, “बाबा, काकांकडं चला माझ्याबरोबर.” 

रंगराव जेवून उठले होते. तिनं त्यांना उजेडात खुर्चीवर बसवलं.

“काका, तुमचा आवाज यंत्रात बसत नाहीये.”

“म्हंजे?”

“जुनी सगळी मैदानं बरोबर बसतात. गेल्या हंगामापासून ळ बदललाय. मग ट आणि ड. मला वाटलं यंत्र चुकलं, मी तीन वेळा बघितलं. तोंड उघडा बरं.”

तिनं हातमोजे घातले, बॅटरी लावली, कापडानं जिभेचा शेंडा धरला आणि जीभ हळूच एका बाजूला ओढली. मग किसनला जवळ बोलावलं. आयुष्यभर ज्या तोंडाकडं बघितलं त्याच्या आत किसननं पहिल्यांदा नजर टाकली. जिभेच्या कडेला, पार खाली, आरशात बघूनही दिसणार नाही अशा जागी एक पांढरा चट्टा होता. भिंतीवर ओल येते तसा. मध्ये एक ठिपका लालसर होता. गालाची आतली बाजू फिकट पडली होती, तिच्यावर दोरीसारखे पट्टे प्रणालीच्या बोटाला लागत होते.

“दुखतंय का इथं?” तिनं दाबून विचारलं.

“आजाबात न्हाय.”

“तिखट झोंबतं?”

रंगराव उत्तर द्यायच्या आत शालनवहिनी दारातून म्हणाल्या, “दसऱ्यापास्नं आमटी पातळ करून मागत्यात. मी म्हटलं, वय झालं.”

“काका, या आठवड्यात मिरजेला जाऊ. तुकडा काढायचा, तपासायचा. कदाचित काही नसेल. असलं, तर आत्ता ते लहान आहे.”

“आनि काय निघालं तर? जीभ कापनार?”

“कड काढावी लागेल थोडी. बोलता येईल तुम्हाला.”

“तुझ्यासारखं बोलता येईल. माझ्यासारखं येईल का?”

प्रणालीनं खोटं सांगितलं नाही. “ते मला माहीत नाही. काही महिने मैदान बंद ठेवावं लागेल.”

रंगराव उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. हंगामाच्या सगळ्या सुपाऱ्या घेऊन झाल्या होत्या, चैत्रातल्या जत्रांपर्यंत एक रविवार मोकळा नव्हता. “दुखत न्हाय, खुपत न्हाय, घास खाली जातोय,” ते म्हणाले. “एवढा हंगाम होऊ दे. पाडवा झाला, चैत झाला, की तू म्हनशील तिथं येतो. किसना, काय म्हनतोस?”

प्रणालीही बापाकडं बघत होती. किसननं रंगरावांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो थांबा होता, नेहमीचा, श्वास घेऊन घेतलेला. अशा थांब्यावर काय करायचं ते किसनला एकच ठाऊक होतं. त्यानं मान डोलावली.

“हंगाम होऊ दे,” तो म्हणाला.

प्रणालीनं हातमोजे काढले. “दोघंही तंबाखू आजपासून बंद करा,” एवढंच म्हणून ती बाहेर पडली.

त्यांनी बंद केली. पुढचं मैदान येईपर्यंत.

*

त्याच हंगामात कानोसा सगळ्यांच्या फोनवर आला. फुकट होता. फोनवर बोललं की तो गुपचूप ऐकायचा आणि गरज वाटली तर एक पिवळी पट्टी दाखवायचा, तोंड तपासून घ्या. सुरुवातीला तो फोनच्या मालकाचाच आवाज ऐकायचा. पण लोकांची मागणी वाढली. आमचे वडील फोन वापरत नाहीत, आई मिश्री लावते आणि दवाखान्याचं नाव काढू देत नाही, त्यांचा आवाज आम्हाला तपासता यायला हवा. मागणी खोटी नव्हती. कंपनीनं तशी सोय दिली. प्रणाली आणि तिच्यासारख्या आणखी काहींनी विरोध केला, तो बैठकीत ऐकून घेतला गेला आणि तिथंच राहिला. आता समोर बोलणाऱ्या कुणाच्याही दिशेनं फोन धरला, आणि त्याचा जुना आवाज कुठल्याही व्हिडिओत सापडला, की झालं.

त्या यंत्रानं काय केलं, हे धड कुणालाच एका शब्दात सांगता आलं नसतं. मिरजेच्या दवाखान्यात पिवळी पट्टी घेऊन माणसांची रांग लागली. कुणाचा चट्टा, कुणाचा गालफाडातला लाल डाग, कुणाची पंधरवडा उलटून गेला तरी न भरलेली जखम. कितीतरी जण छोट्याशा टाक्यांवर सुटून घरी आले. आणि त्याच गावांत एका मुलीचं लग्न मोडलं, कारण नवऱ्याकडच्यांनी बघण्याच्या कार्यक्रमात फोन उघडा ठेवला होता. तिच्या तोंडात पुढं निघाला एक तुटका दात, जिभेला घासणारा. तो काढला आणि सगळं मिटलं, पण लग्न परत जुळलं नाही. कारखान्यातली माणसं साहेबासमोर तोंड मिटून बसू लागली. पिवळी पट्टी म्हणजे ‘दाखवून घ्या’ हे कुणी वाचतच नव्हतं. सगळे एकच शब्द वाचत होते.

किसनच्या आता लक्षात येत होतं. ‘मोळी’ हा डाव रंगराव घोळवून सांगायचे, तो आता ते घाईत उरकत होते. ‘टाळ्या झाल्या पाहिजेत’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यातला ळ मऊ पडला होता. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. घास ते उजव्या बाजूनं खायचे. किसनला दिसत होतं, आणि प्रत्येक वेळी तो मनात मोजायचा, आता चैत्र किती लांब राहिला.

भैरोबाच्या जत्रेचं मैदान हंगामातलं सगळ्यांत मोठं. डोंगराच्या उतारावर माणूस नुसता ओतला होता. तिसऱ्या नंबरची कुस्ती लागली, दोन्ही पैलवान तोडीस तोड, खडाखडी चालू झाली. रंगराव रंगात आले. त्या दिवशी त्यांचा आवाज खरोखरच जुना लागला होता. ऐकताना किसनच्या अंगावर काटा आला.

कुणीतरी गंमत म्हणून आपला फोन कर्ण्याच्या दिशेनं धरला असेल. त्याचं बघून शेजाऱ्यानं. किसनला आधी कळेना, की टाळ्या का पडत नाहीत. त्यानं प्रथमच रंगरावांच्या तोंडावरून नजर काढून समोर पाहिलं. उतारावर इथं एक, तिथं एक, मग ओळीच्या ओळी पिवळ्या दिसू लागल्या. शेवंतीचं शेत फुलावं तशा. आणि आखाड्यात भारंदाज डाव पडत असताना हजारो माणसं कुस्ती सोडून मंडपाकडं बघत होती.

रंगराव बोलत राहिले. त्यांना वाटलं कुस्ती पडत नाही म्हणून लोक गप्प आहेत. “मंडळी, मोळीचा डाव लागलाय,” ते म्हणाले, “टाळ्या झाल्या पाहिजेत!” आणि थांबले.

किसनच्या हातून हलगी वाजली नाही.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा पैलवान, कान मोडलेला, काठी टेकत मंडपापाशी आला. त्याला रंगरावांबद्दल माया होती, म्हणूनच तो आला. त्यानं हात जोडले. माईक चालू होता.

“रंगराव, तोंड दाखवून घ्या बाबा,” तो म्हणाला. “तुमच्याबिगार मैदान कसलं?”

ते सगळ्या डोंगरावर ऐकू गेलं.

रंगरावांनी समोर पाहिलं. पिवळे फोन पटापट खाली होत होते, लोक नजरा चुकवत होते, एका बाईनं डोळ्यांना पदर लावला. त्यांनी माईक खाली ठेवला. ठेवताना तो घरंगळला आणि कर्ण्यातून मोठा खरखराट झाला. फेटा सरळ करून ते मंडपाच्या मागच्या बाजूनं उतरले आणि माणसांतून वाट काढत चालत गेले. लोक बाजूला होऊन वाट देत होते. पालखीला देतात तशी नाही. प्रेताला देतात तशी.

*

“तुझ्या पोरीनं मला भर मैदानात नागडं केलं.”

“आण्णा, तिनं कुनाला सांगितलं न्हाय.”

“यंत्र कुनाचं? माझा आवाज कुनी नेला? मीच दिला, हसत हसत दिला!” रंगराव ओसरीवर उभे होते. किसन अंगणात. मध्ये पायऱ्या होत्या, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा किसनला त्या चढाव्याशा वाटल्या नाहीत. “माझं मी बघितलं असतं. चैतात जानार होतो. आता सगळा मुलूख माझ्या जिभंकडं बघनार. जा तू.”

कमिट्यांचे फोन आले. सगळे गोड बोलले. आराम करा आण्णा, तब्येत महत्त्वाची, यंदा दुसरा माणूस बघतो. कुणीही वाईट बोललं नाही, आणि तेच रंगरावांना सोसवलं नाही. चैत्र आला आणि गेला. दवाखान्यात जाणं म्हणजे त्या डोंगरावरच्या माणसांचं खरं ठरवणं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं. कुणीतरी सांगितलेल्या एका झाडपाल्यावाल्याचा लेप ते जिभेला लावू लागले.

किसननं त्या काळात लेकीशीही बोलणं टाकलं. ती फोन करायची, तो उचलायचा आणि ऐकत बसायचा.

“बाबा, राग माझ्यावर काढा. पण त्यांना घेऊन या. दर महिन्यानं ते वाढतंय.”

“त्यांनी जा म्हटलंय मला.”

“म्हणून तुम्ही जात नाही?”

किसननं फोन खाली ठेवला. दुसऱ्या निवेदकाबरोबर वाजवायला तो गेला नाही. हलगी खुंटीला टांगलेली राहिली आणि तिचं कातडं सैल पडलं.

आषाढात शालनवहिनी स्वतः दारात आल्या. भिजल्या होत्या. “भावजी, त्यांच्या तोंडात दोन बोटं जाईनात,” त्या म्हणाल्या. “ताक पाजत्ये. काल उशीवर रगत हुतं.”

त्या दिवशी किसन पायऱ्या चढला. रंगराव खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मानेवर, जबड्याच्या खाली, सुपारीएवढी गाठ उठली होती.

“आण्णा, उठा.”

रंगराव काहीतरी म्हणाले. शब्द लागला नाही. किसन खाटेवर बसला आणि त्यानं त्यांना पाठीखाली हात घालून लहान पोराला उठवतात तसं उठवलं. ते खूप हलके झाले होते. त्यांनी विरोध केला नाही.

*

प्रणालीनं रजा घेतली आणि ती मिरजेत येऊन राहिली. ऑपरेशन लांबलं. जीभ जवळजवळ सगळी गेली, जबड्याचा एक तुकडा गेला, मानेतल्या गाठी काढल्या, मांडीचं मांस आणून आत बसवलं. श्वासासाठी गळ्याला छिद्र होतं आणि अन्नासाठी नाकात नळी.

दवाखान्याच्या जिन्यात शालनवहिनींनी प्रणालीचा हात धरला. “पोरी, एक खरं सांग. तू पहिल्यांदा आलीस, बॅटरी लावून बघितलंस. तवाच आलो असतो तर?”

प्रणालीनं बापाकडं पाहिलं. किसन भिंतीला टेकून उभा होता.

“जीभ राहिली असती, काकू,” ती म्हणाली. “बहुतेक राहिली असती.”

“आनि ते बोलले असते?”

“बोलले असते.”

शालनवहिनींनी मान हलवली, जणू कुणी बाजारभाव सांगितला असावा. मग तिथंच पायरीवर बसल्या. प्रणाली त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या मांडीत डोकं घालून रडू लागली. वहिनी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. किसनला वाटलं, आपणही काही बोलावं, मान मी डोलावली होती म्हणून सांगावं. पण ते तिघांनाही ठाऊक होतं. तो खाली जाऊन दूध घेऊन आला.

दिवाळीच्या सुमाराला रंगराव घरी आले. आवाज म्हणून फक्त एक घोगरा उच्छ्वास उरला होता. नाकातली नळी निघाली होती, पण शालनवहिनी चोचीच्या पेल्यातून पातळ, गार केलेलं देतील तेवढंच पोटात जायचं. कंपनीनं निरोप पाठवला, की त्यांच्या जुन्या मैदानांवरून हुबेहूब त्यांचा आवाज बनवून देता येईल, फोनवर लिहायचं की तो बोलेल. रंगरावांनी वाचलं आणि हातानंच नको म्हणून सांगितलं. 

किसन रोज संध्याकाळी यायचा. दोघं ओसरीवर बसायचे. जन्मभर न बोलणारा किसन आता बोलायचा, कारण कुणीतरी बोलायला हवं होतं. कुठल्या गावात मैदान झालं, कुणी कुणाला चितपट केलं, ऐकीव सगळं सांगायचा. सांगणं त्याला जमत नसे. पैलवानाचं नाव आधी की गावाचं, याचा घोळ व्हायचा. रंगराव ऐकायचे आणि चुकलं की बोट हलवायचे.

एका संध्याकाळी असंच सांगताना किसननं तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि त्याचा चेहरा किंचित आक्रसला. एवढंसंच. गार पाणी एका जागी झोंबलं होतं. तो पुढं बोलू लागला.

रंगरावांना ते दिसलं. आता तेही एका तोंडाकडंच बघत असायचे.

ते उठले. किसनच्या समोर आले आणि त्यांनी त्याचा जबडा धरला. हातात अजून ताकद होती. किसन मागं सरकू लागला तशी त्यांनी पकड घट्ट केली आणि दुसऱ्या हातानं उघड म्हणून खूण केली.

“काय हाय आण्णा? काय न्हाय, दात हाय जरा…”

रंगरावांच्या गळ्यातून फसफसल्यासारखा आवाज आला. ते रागावले होते. त्यांनी फोनची बॅटरी लावली. किसननं तोंड उघडलं. अंगठ्यानं त्यांनी त्याचा गाल बाहेर ओढला, उजवा, मग डावा. डाव्या गालात, जिथं त्याची चिमूट वर्षानुवर्षं बसायची, तिथं ते थांबले.  बॅटरी त्यांनी आणखी जवळ नेली.

कानोशानं किसनला कधी पिवळी पट्टी दाखवली नव्हती. ताडून बघायला त्याचा जुना आवाज कुठं होता? सगळ्या मैदानांत नुसती हलगी नोंदलेली.

रंगरावांनी बॅटरी विझवली. शालनवहिनींना टाळी वाजवून बाहेर बोलावलं, किसनकडं बोट दाखवलं आणि मग बोट मिरजेच्या रस्त्याकडं वळवलं. किसन म्हणाला, “जातो की. एवढी दोन-चार कामं…” आणि त्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. रंगरावांनी त्याच्या सदऱ्याची बाही पकडली होती. ती त्यांनी सोडली नाही. वहिनींनी प्रणालीला फोन लावला, पलीकडून ती आत्ता निघते म्हणाली, तरी सोडली नाही. अंधार पडला, दिवा लागला. बाही धरूनच ते खुर्चीत बसून राहिले आणि किसन त्यांच्या शेजारी.

*

किसनचा तुकडा काढला, तपासला. चट्टा बदलायला लागला होता, पण अजून खाली उतरला नव्हता. तेवढाच भाग काढायचा ठरलं. ज्या आठवड्यात त्याचं ऑपरेशन होतं, त्याच आठवड्यात रंगरावांच्या मानेत पुन्हा उठलेली गाठ फुटली. ती पूर्वीच्या गाठींसारखी काढता येणारी नव्हती, आणि रक्त थांबेना.

ते गेले तेव्हा किसनच्या गालात टाके होते. चितेपाशी तो उभा राहिला, पण त्याला तोंड उघडता येत नव्हतं आणि त्यामुळं आक्रोशही करता आला नाही. गावोगावचे पैलवान आले होते. कुणीतरी म्हणालं, चार शब्द बोला. कुणालाच पुढं यावंसं वाटलं नाही. शेवटी ते न बोलताच पांगले.

काढलेल्या तुकड्याचा अहवाल प्रणालीनं घरी आणून वाचून दाखवला. कडा सगळ्या बाजूंनी साफ होत्या. “आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं, बाबा. तंबाखू कायमची बंद. बाकी काही नाही.”  बऱ्याच दिवसांत तिनं कुणाला अशी बातमी दिली नव्हती.

किसननं चप्पल घातली. बातमी सांगायची असली की त्याचे पाय एकाच घराकडं वळायचे, ते आताही वळले. अंगणात आल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो थबकला. मग तसाच पायऱ्या चढला.

शालनवहिनी सोप्यात गहू निवडत होत्या. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

“साफ हाय,” किसन म्हणाला.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. सूप बाजूला ठेवलं. “बसा, भावजी. चहा टाकत्ये.”

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, स्टोव्हचा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच आला नाही. किसन रिकाम्या खुर्चीकडं न बघता बसून होता. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कप नव्हता. चोच असलेला स्टीलचा पेला होता. चहा दोनदा गाळलेला, पाणी घालून पातळ केलेला आणि निववून पार गार केलेला. कडेला पुसायला दुमडलेलं स्वच्छ फडकं.

पेला त्याच्या पुढं धरल्यावर त्यांना उमगलं. हात तसाच हवेत राहिला.

“मेलं ध्यानच न्हाय माझं,” त्या म्हणाल्या. “दुसरा करत्ये.”

“असू दे, वहिनी,” किसन म्हणाला. “मला असाच चालतोय.”

त्यानं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि चोच ओठाला लावून सगळा चहा हळूहळू संपवला. वहिनी फडकं हातात धरून समोर उभ्या होत्या.

“आनखी?” त्यांनी विचारलं.

किसननं पेला पुढं केला.